पीईईके केजचा पृष्ठभाग: प्लाझ्मा पुरेसा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: पाठीच्या कण्यातली खराब झालेली चकती काढून तिच्या जागी बसवायच्या केज तुमचा लहान उद्योग बनवतो. साहित्य पॉलिइथरइथरकीटोन, म्हणजे पीईईके. हाड त्याला नीट धरत नाही असं सर्जनकडून ऐकल्यावर तुम्ही ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनित केलेला ऑक्सिजन वायू) देऊन पाहिला. पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन (थेंब जितका पसरेल तितका तो कमी) ८५ अंशांच्या आसपास होता, तो २० च्या खाली आला आणि पेशीही छान पसरल्या. आता हीच प्रक्रिया कायम करावी, की सल्फ्युरिक आम्ल, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट किंवा टायटॅनियमच्या थराकडे जावं? आणि माहितीपत्रकात 'हाडाशी जुळणारा पृष्ठभाग' असं लिहिता येईल का?

माझं उत्तर असं की प्लाझ्मा ठेवा, पण मधली पायरी म्हणून. तुम्ही मोजलेला पृष्ठभाग चेंबरमधून बाहेर काढल्या दिवसाचा आहे. त्यानंतर तो हाताळला जातो, पाकिटात बंद होतो, निर्जंतुक होतो, कित्येक महिने कपाटात राहतो, हातोडीने ठोकला जातो आणि रक्तात भिजतो. या सगळ्यातून जे उरतं तेवढंच रुग्णाच्या उपयोगाचं. प्रत्येक पद्धत मी याच निकषावर तोलतो आणि खालचं उत्तरही त्याच क्रमाने आहे.

पीईईके मुळात का निवडलं जातं हे विसरून चालणार नाही. त्याचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, ३ ते ४ गिगापास्कल असतो, कार्बन तंतू मिसळले तर १८ च्या घरात जातो. हाडाचं घट्ट बाह्य कवच साधारण १५ ते २० मध्ये असतं आणि टायटॅनियमचा मिश्रधातू ११० च्या आसपास. हाडावर भार पडला नाही तर ते झिजतं, हे यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. फार ताठ धातू सगळा भार स्वतः घेतो आणि शेजारचं हाड विरळ होतं. पीईईके तसं करत नाही. शिवाय क्ष-किरण त्यातून आरपार जातात, त्यामुळे केजच्या आत हाड भरलं का हे सर्जनला दिसतं. १९७८ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत हे पॉलिमर प्रथम तयार झालं आणि रोपणासाठीचा दर्जा १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आला. आपल्याकडे मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेचे विद्यार्थी डॉ. केकी घरडा यांच्या कंपनीने गुजरातमधल्या पानोलीत पीईईके बनवलं, पुढे तो व्यवसाय बेल्जियमच्या सोल्वे कंपनीकडे गेला. पॉलिमर बनवण्याची कुवत आपल्याकडे आहे, त्याच्या पृष्ठभागाचं शास्त्रही इथे रुजावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा लांबून सांगतो आहे.

दोष पृष्ठभागाच्या रसायनात आहे. बेंझिनच्या कड्या, त्यांना जोडणारे इथर आणि कीटोन, एवढीच ती साखळी. ती जवळपास कशाशीच अभिक्रिया करत नाही. शरीरात त्यामुळे ती सुरक्षित राहते, पण हाडाच्या पेशींना धरायला काहीच देत नाही. रक्तातली प्रथिनं तिच्यावर बसतात, पण बऱ्याचदा आकार बिघडवून बसतात आणि फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनाचा जो भाग पेशी पकडते तो झाकला जातो. मग हाड आणि रोपण यांच्यामध्ये तंतुमय ऊतीचा पातळ पदर राहतो.

इथे एक गोष्ट आधी तपासा. तंतुमय ऊती फक्त रसायनामुळे होत नाही. हाड आणि रोपण यांच्यातली हालचाल साधारण १५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर टायटॅनियमवरही तीच ऊती येते; हाड वाढायला ही हालचाल काही दहा मायक्रॉनच्या आत हवी. म्हणून सर्जनना विचारा: ज्या केज सैल झाल्या त्यांची उंची बरोबर होती का, मणक्याच्या टोकाची कूर्चा पूर्ण खरवडली होती का, मागून स्क्रू आणि रॉडचा आधार दिला होता का? उत्तर तिथेच सापडलं तर कोटिंगवरचा खर्च वाया जाईल.

आता कारखान्यात येऊ. पृष्ठभागाचं काम केज कापणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवरच सुरू होतं. कापताना वापरलेलं तेल, हातमोज्यांवरची पावडर, पॉलिथिनच्या पिशवीतून आलेले पदार्थ हे सगळं पहिल्या काही नॅनोमीटरमध्ये बसतं आणि नेमका तोच भाग आपण बदलायला निघालेलो असतो. क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट, म्हणजे एक्सपीएस, वरचे साधारण दहा नॅनोमीटर पाहतो. कोरं पीईईके त्यात फक्त कार्बन आणि ऑक्सिजन दाखवतं. सिलिकॉन दिसलं तर कुठेतरी सिलिकोन तेल किंवा ग्रीस शिरलं आहे आणि पुढचं काहीही भरवशाचं नाही. हे यंत्र विकत घ्यायची गरज नाही. आयआयटी किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांमध्ये नमुना तपासून घेता येतो. प्रत्येक नव्या घाण्याचा (बॅचचा) एक कोरा तुकडा आणि एक प्रक्रिया केलेला तुकडा, दोन्ही पाठवत जा.

खरखरीतपणासाठी बरेच जण अ‍ॅल्युमिनाची वाळू मारतात. टायटॅनियमवर हे जुनं तंत्र आहे. पीईईके मऊ असल्याने अ‍ॅल्युमिनाचे धारदार कण त्यात रुतून बसतात आणि नुसत्या धुण्याने निघत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यं तपासली की अ‍ॅल्युमिनियमचे ठिपके दिसतात. त्याऐवजी कॅल्शियम फॉस्फेटचे कण मारावेत. जे रुततील ते पातळ आम्लात विरघळतात, आणि पातळ आम्लाने पीईईकेला काही होत नाही. एक ते दोन मायक्रॉनचा मध्यम खरखरीतपणा हाडाला मानवतो, असं दातांच्या टायटॅनियम रोपणांवरच्या कामातून दिसलं आहे. पीईईकेसाठी तो आकडा आरंभ म्हणून धरा.

आता तुमचा प्लाझ्मा. ऑक्सिजनच्या प्लाझ्मात साखळ्या तुटतात आणि टोकांना हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे गट येतात. पृष्ठभाग पाण्याला ओढून घेऊ लागतो, तुम्ही तेच मोजलंत. पण या बदलाची खोली काही नॅनोमीटरच असते आणि त्याला दोन आजार असतात.

पहिला, जास्त वेळ दिला तर साखळ्यांचे इतके बारीक तुकडे होतात की ते पृष्ठभागाला धरून राहत नाहीत, नुसते वर पडून असतात. त्यांच्यावर ऑक्सिजनचे गट भरपूर, म्हणून स्पर्शकोन सुरेख येतो. पाण्यात टाकलं की ते धुऊन जातात आणि कोन पुन्हा चढतो. शरीरात गेल्यावरही हेच होणार. म्हणून माझा नियम असा की प्लाझ्मानंतर नमुना शुद्ध पाण्यात आणि मग इथेनॉलमध्ये धुवायचा, वाळवायचा आणि तेव्हाचा कोन वहीत लिहायचा. धुण्याआधीचा आणि नंतरचा आकडा यांत फार फरक असेल तर शक्ती किंवा वेळ कमी करा. बहुतेकदा कमी प्रक्रिया जास्त टिकते.

दुसरा आजार म्हणजे जुनं होणं. हवेच्या बाजूला राहायला तेलकट गटांना सोयीचं असतं, पाणीप्रिय गटांना नाही. पृष्ठभागाजवळच्या साखळ्या हळूहळू वळतात आणि आपण लावलेले गट आत जातात. वर हवेतले हायड्रोकार्बन येऊन बसतात ते वेगळंच. सिलिकोन रबरात हे तासांत होतं. पीईईकेच्या साखळ्या ताठ आहेत, त्याचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या पुढे साखळ्या सैल हलू लागतात) १४३ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे वेग कमी असतो, पण दिशा तीच. काही दिवस ते काही आठवड्यांत कोनाचा बराच भाग परत चढतो. तुमच्या केजची मुदत वर्षांमध्ये असणार. निव्वळ प्लाझ्मावर तो दावा उभा राहत नाही.

याला उपाय म्हणजे प्लाझ्मा झाल्या झाल्या, गट ताजे असताना, त्यांना काहीतरी पक्कं बांधणं. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या गटाने प्लाझ्मातले आयन व्होल्टेज देऊन पॉलिमरमध्ये खोलवर घुसवण्याचं काम केलं आहे. त्याने काही दहा नॅनोमीटर जाडीच्या थरात मुक्त मूलकं (बंध जोडायला टपलेले अणुगट) साठतात आणि ती पुढे बराच काळ प्रथिनांना सहसंयोजक बंधाने पकडतात. हे मला फार आशादायक वाटतं, पण लहान कारखान्यासाठी ती यंत्रणा जड आहे.

स्पर्शकोनाबद्दल आणखी एक सांगतो, कारण तुमचा सगळा विश्वास त्याच्यावर आहे. पीईईकेच्या साखळीतला कीटोन अतिनील प्रकाशात बेंझोफेनोनसारखा, म्हणजे प्रकाशाने अभिक्रिया सुरू करणाऱ्या पदार्थासारखा, वागतो, त्यामुळे बाहेरचा आरंभक न घालता त्याच्यावर दुसरं पॉलिमर वाढवता येतं. जपानी संशोधकांनी याच मार्गाने एमपीसी नावाचं, पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडसारखं पॉलिमर पीईईकेवर वाढवलं. त्याचा स्पर्शकोन अत्यंत कमी असतो आणि त्यावर प्रथिनं आणि पेशी जवळपास चिकटतच नाहीत. सांध्यातल्या घासणाऱ्या भागासाठी ते उत्तम, हाडाशी जुळवण्यासाठी अगदी उलटं. त्याच अतिनील पद्धतीने फॉस्फोनिक आम्लाचे गट वाढवले तर मात्र ते कॅल्शियम धरतात. पाणी पसरण्याचा आकडा दोन्हीकडे चांगला, हाडाचा निकाल वेगळा. स्पर्शकोन हे कारखान्यात घाणा तपासायचं स्वस्त आणि उत्तम साधन आहे. हाडाबद्दल तो काही सांगत नाही.

सल्फ्युरिक आम्लाचा मार्ग रसायनदृष्ट्या देखणा आहे. तीव्र, म्हणजे सुमारे ९८ टक्के आम्लात पीईईके विरघळतं. काही मिनिटंच बुडवून लगेच पाण्यात टाकलं तर वरच्या काही मायक्रॉनमध्ये जाळीदार, सच्छिद्र रचना तयार होते आणि तिला सल्फोनिक गट लागलेले असतात. २०१३ च्या सुमारास चिनी गटांनी यावर महत्त्वाचं काम केलं आणि पेशी व प्राणी दोन्हींत निकाल कोऱ्या पीईईकेपेक्षा सरस आले. अडचण छिद्रांत अडकलेल्या आम्लाची आहे. ते उरलं तर पेशी मरतात. अ‍ॅसिटोनने धुणं, पातळ सोडियम हायड्रॉक्साइड, किंवा १२० अंशांच्या आसपास ऑटोक्लेव्हमध्ये पाण्यात ठेवणं असे उपाय आहेत. केजच्या आतल्या कोपऱ्यांत आणि हाडात पकड घेणाऱ्या तिच्या दातांच्या खोबणीत धुणं सारखं होत नाही, सपाट चकतीवरचे आकडे तिथे लागू पडत नाहीत. शिवाय ती जाळी नाजूक असते. केज ठोकताना दातांच्या टोकांवरून ती आधी जाते. आणि आम्लाचा सांडपाण्याशी संबंध येतो. धुराचं कपाट, उदासीनीकरणाची टाकी आणि प्रशिक्षित माणूस या तिन्ही गोष्टी नसतील तर हा मार्ग सुरूच करू नका. पाणी आम्लात ओतायचं नाही, हे कामगाराला पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे हाडातल्या खनिजाच्या जवळचं, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गुणोत्तर १.६७. धातूच्या नितंबसांध्यांवर ते प्लाझ्मा फवाऱ्याने दशकांपासून लावलं जातं. पण फवाऱ्याची ज्योत हजारो अंशांची आणि पीईईके ३४३ अंशांना वितळतं. तापमान आवरलं तर कण नीट वितळत नाहीत आणि सैल राहतात. वाढवलं तर खालचं पॉलिमर आकार सोडतं. खनिजाचाही काही भाग विघटन होऊन जास्त विरघळणाऱ्या रूपात जातो. भर म्हणजे पीईईके तापल्यावर खनिजापेक्षा कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे थंड होताना सीमेवर ताण राहून जातो. हे जमवणारे कारखाने आहेत, पण त्यांनी ते वर्षानुवर्षं बसवलेलं असतं.

माझा कल पातळ थराकडे आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या प्रोमिमिक कंपनीचा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा थर साधारण २० नॅनोमीटरचा असतो; द्रावणात बुडवून आणि मग उष्णता देऊन तो लावतात. इतका पातळ थर वाकतो, तडकून पापुद्रे निघत नाहीत आणि खालचा खरखरीतपणा जसाच्या तसा राहतो. (टायटॅनियम हाडाशी जुळतं हे दाखवणाऱ्या ब्रॉनेमार्क यांनी गोथेनबर्गमध्येच बरंच काम केलं.) दुसरा पर्याय, खनिजाची पूड पीईईकेमध्येच मिसळून दांडा ओढणं. मग मशिनने कापल्यावर पृष्ठभागावर कण उघडे पडतात आणि सोलून निघायला थरच नसतो. पूड वाढवली की ठिसूळपणा वाढतो, त्यामुळे दाब आणि थकव्याच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.

टायटॅनियमचा फवारलेला थर सर्जनना आवडतो, कारण टायटॅनियमवर हाड येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. माझी काळजी ठोकण्याच्या क्षणाची आहे. ११० गिगापास्कलचा थर ३.५ च्या पायावर बसवलेला असतो, आणि केज मणक्यात घट्ट, घासत, हातोडीने जाते. प्रयोगशाळेत अशा केज ठोकून पाहिल्यावर काही रचनांमधून टायटॅनियमचे कण सुटलेले दिसले आहेत. सगळ्याच रचना वाईट आहेत असं नाही, पण आपल्या केजवर हे करून पाहिल्याशिवाय विकू नये. अस्थिपेशींना जवळ करणारा थर कणांच्या रूपात सुटला तर तेच कण भक्षक पेशींना चिथावतात आणि हाड विरघळतं.

आणि एक मार्ग असा, ज्यात थर लावायचाच नसतो. अमेरिकेत जॉर्जिया टेकमधून निघालेल्या कामात गरम पीईईके मिठाच्या स्फटिकांमध्ये दाबून, नंतर मीठ पाण्याने काढून, वरचा एक मिलिमीटरच्या आतला भाग सच्छिद्र केला गेला. २०१५ मध्ये अशा केजला एफडीए या अमेरिकी नियामक संस्थेची मान्यता मिळाली. काहीशे मायक्रॉनच्या छिद्रांत हाड शिरून अडकतं. रसायन तेच जुनं, पण ठोकण्यात, कपाटात आणि गॅमा किरणांत काही बिघडत नाही. माझ्या निकषावर हा मार्ग सगळ्यांत वर येतो.

चाचण्यांबद्दल थोडं, कारण पैसे तिथे जातात. थर ओढून काढायच्या चाचणीत हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटसाठी आयएसओ १३७७९ मालिकेत १५ मेगापास्कलची अट आहे, फवारलेल्या टायटॅनियमसाठी एफडीए ताणात २२ आणि कातरात २० मेगापास्कलकडे पाहतं. सच्छिद्र थरात गोंद खालपर्यंत झिरपला तर चाचणी गोंदाची होते, थराची नाही; म्हणून तुटलेली जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय आकडा स्वीकारू नका. जपानच्या कोकुबो यांचा कृत्रिम शरीरद्रव, ३६.५ अंश आणि सामू ७.४०, यात नमुन्यावर अ‍ॅपेटाइट वाढलं की लोक खूश होतात. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे हाडाच्या जागी भरायचं खनिज त्या द्रवात बऱ्याचदा काहीच दाखवत नाही आणि हाडाशी मात्र जुळतं. चाळणी म्हणून तो द्रव ठीक आहे. तुमच्या पेशींच्या चाचणीचंही तसंच: उंदराच्या अस्थिपेशी स्वच्छ माध्यमात टाकल्या, पण खऱ्या केजला आधी रक्त, गुठळी आणि भक्षक पेशी भेटतात. धुतलेल्या, निर्जंतुक केलेल्या आणि जुन्या होऊ दिलेल्या नमुन्यांवर तीच चाचणी पुन्हा करा. निर्जंतुकीकरण म्हणजे तुमची जी अंतिम पद्धत असेल तीच. नेहमीच्या २५ किलोग्रे गॅमाने पीईईकेचं काही बिघडत नाही, पण वर लावलेल्या प्रथिनाचं बिघडतं. निर्जंतुकीकरणाचा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा तर स्वतःच पृष्ठभाग बदलतो.

तुमच्या जागी मी काय करेन? आधी केजच्या दातांची रचना आणि स्वच्छता पक्की करेन. मग कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांनी मध्यम खरखरीतपणा, त्यावर सौम्य प्लाझ्मा, आणि त्याच पाळीत, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, पातळ खनिज थर. थर लावलेल्या केज पॉलियुरेथेन फोममध्ये आणि मग खाटकाकडून आणलेल्या मणक्यात ठोकून, बाहेर काढून, दातांची टोकं तपासेन. ते जमलं तर मेंढीतला प्रयोग. सशाच्या मांडीच्या हाडावरचा निकाल मणक्याला पुरेसा नाही. सच्छिद्र पीईईकेची क्षमता पुढे उभी करता आली तर त्याच दिशेने जाईन. टायटॅनियम आणि सल्फ्युरिक आम्लाचा मार्ग सध्या बाजूला.

नियमांचं विसरू नका. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ च्या सहाव्या अनुसूचीत साहित्य, गुणवत्तेवर परिणाम करणारी उत्पादनप्रक्रिया, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि मुदत यांतले बदल मोठे बदल मानले आहेत, त्यांना आधी मंजुरी लागते. 'फक्त प्लाझ्मा दिला' हा बदलच आहे.

माहितीपत्रकात 'हाडाशी जुळणारा' लिहू नका. आज तुमच्याकडे 'पाणी पसरणारा पृष्ठभाग' एवढाच पुरावा आहे आणि तोही ताज्या नमुन्याचा. पृष्ठभागांची तुलना करणारे रुग्णांमधले निष्कर्ष मोठ्या कंपन्यांच्या केजबाबतही अजून एका बाजूला झुकलेले नाहीत.

शिल्लक राहिलेले प्लाझ्मा दिलेले तुकडे फेकू नका. विक्रीच्याच पाकिटात, विक्रीच्याच पद्धतीने निर्जंतुक करून, गोदामाच्या तापमानाला ठेवा आणि दर महिन्याला एक उघडून कोन मोजा. ५५ अंशांच्या भट्टीत घाईने जुनं करून ही माहिती मिळत नाही. पाकिटासाठी ते गणित चालतं, पण उष्णतेने साखळ्या वेगळ्याच वेगाने वळतात आणि खोलीच्या तापमानाचा हिशोब त्यातून निघत नाही. आजपासून सुरू केलंत तर मंजुरीचा अर्ज भरायच्या वेळेस खऱ्या काळाचे आकडे तुमच्या हातात असतील.